अंडाशयाच्या कर्करोगाचा प्रवास

कर्करोगाचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती गाठ. गाठ दिसते, हाताला लागते, शस्त्रवैद्याला ती काढून टाकता येते. परंतु जेथे उद्भवली तेथेच राहिलेली गाठ सहसा प्राणावर बेतत नाही. प्राणावर बेतते ते तिचे पसरणे. मूळ जागेपासून सुटलेल्या काही पेशी दूर कोठे तरी जाऊन रुजतात, तेथे नव्या गाठी धरतात, आणि मग एका अवयवाचा रोग साऱ्या शरीराचा होतो. बहुतेक कर्करोगांत हे पसरणे रक्ताच्या किंवा लसीकेच्या वाटेने होते. स्तनातील गाठीची पेशी आधी आपल्याभोवतीचा पडदा भेदते, मग रक्तवाहिनीची भिंत ओलांडून आत शिरते, प्रवाहाबरोबर वाहत जाते, आणि हाडात किंवा फुप्फुसात पुन्हा भिंत ओलांडून बाहेर पडते. ह्या अडथळ्यांच्या शर्यतीत असंख्य पेशींतून एखादीच तग धरते.

स्त्रियांच्या अंडाशयाचा कर्करोग मात्र बहुतांशी ह्या शर्यतीत उतरतच नाही. अंडाशय उदरपोकळीत जवळजवळ उघडेच असते. तेथून सुटलेली पेशी थेट पोटातील पाण्यात पडते, आणि ते पाणी तिला नेऊन सोडते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे ४७,००० स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे ३३,००० स्त्रिया त्याने दगावल्या. ह्या दोन आकड्यांतील अंतर किती थोडे आहे हे पाहिले म्हणजे रोगाचे उग्र स्वरूप ध्यानात येते. निदान होते तेव्हा बहुसंख्य रुग्णांत रोग ओटीपोटाबाहेर पडून उदरभर पसरलेला असतो. तो इतका गुपचूप कसा पसरतो, ह्याचा उलगडा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रेणूंच्या पातळीवर बराचसा झाला आहे. त्यातून निघालेली हकीकत चमत्कारिक आहे. ह्या प्रवासाच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कर्करोगाची पेशी जे साधन वापरते, ते शरीराने आपल्या निरोगी संसारासाठीच करून ठेवलेले असते.

ह्या विषयाची सुरुवात करावयाची तर १८८९ सालापासून केली पाहिजे. त्या वर्षी लंडनच्या स्टीफन पॅजेट ह्या शस्त्रवैद्याने ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यक साप्ताहिकात एक छोटासा निबंध लिहिला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी त्याने तपासल्या होत्या. यकृतात नव्या गाठी २४१ वेळा आढळल्या होत्या, प्लीहेत अवघ्या १७ वेळा. प्लीहेला रक्ताची काही वाण नसते. रक्ताने पेशी वाहून न्याव्यात आणि जेथे अडकतील तेथे त्या उगवाव्यात, एवढीच गोष्ट असती तर इतका फरक पडला नसता. म्हणून पॅजेटने बी आणि जमीन ह्यांचा दृष्टांत दिला, आणि तो आज सव्वाशे वर्षांनंतरही टिकून आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा दृष्टांत आणखी नेमका करून सांगता येईल. नुसती जमीन चांगली असून भागत नाही, तिला वाफसा यावा लागतो. ओल फार असली तर बी कुजते, कमी असली तर रुजत नाही. अंडाशयाच्या कर्करोगाचे रेणुविज्ञान म्हणजे बव्हंशी ह्या वाफशाचे विज्ञान होय.

तेव्हा आधी जमीन पाहावी. उदरपोकळी ही पोकळी खरी, पण ती रिकामी नसते. यकृत, जठर, आतडी हे अवयव तिच्यात दाटीने बसविलेले असतात आणि त्यांच्यावर एक पातळ, ओलसर, चकचकीत पडदा असतो. त्याला पर्युदर म्हणतात. त्याच्या सगळ्या घड्या उलगडून तो पसरला तर त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ सबंध त्वचेइतके भरेल. त्याच्या पृष्ठभागावर फरशीसारख्या चपट्या पेशींचा एकच थर, आणि त्यावर वंगण म्हणून काही चमचे द्रव. आतडी रात्रंदिवस हलत असतात. ती एकमेकांवर घासली जाऊ नयेत म्हणून ही योजना.

हा द्रव एका जागी साचून राहत नाही. छाती आणि पोट ह्यांच्यामध्ये स्नायूचा जो पडदा आहे, ज्याला मध्यपटल म्हणतात, तो श्वासाबरोबर वरखाली होतो आणि त्याच्या ओढीने द्रव ओटीपोटातून वर चढतो. डाव्या कुशीत वरच्या टोकाला एक बंध आडवा येतो. उजवी वाट मोकळी असते. म्हणून प्रवाह मुख्यत्वे उजव्या कुशीने यकृताच्या दिशेने वर जातो, आणि मध्यपटलाच्या खालच्या अंगाला असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून लसीकावाहिन्यांत शोषला जातो. अंडाशयाच्या कर्करोगाच्या दुय्यम गाठी शस्त्रवैद्यांना ह्याच वाटेवर सापडतात: ओटीपोटाच्या तळाशी, उजव्या कुशीत, उजव्या मध्यपटलाखाली. पूर ओसरल्यावर गाळ कोठे कोठे बसला आहे ते पाहून पाण्याची वाट ओळखावी, तसा हा प्रकार आहे. पोट उघडल्यावर यकृताच्या वर हात घालून मध्यपटल चाचपून पाहिल्यावाचून रोगाची व्याप्ती ठरवू नये, हा शस्त्रवैद्यांचा दंडक ह्या ओघाच्या ज्ञानातूनच आला.

परंतु सर्वांत अधिक गाठी आढळतात त्या आणखी एका जागी. आतड्यांच्या पुढे, जठरापासून एखाद्या पदरासारखा खाली लोंबणारा चरबीचा पडदा असतो. त्याचे नाव वपा. शब्द फार जुना आहे. वैदिक पशुयागात वपेची आहुती निराळी दिली जात असे, आणि ती देणाऱ्यांना ह्या नाजूक पडद्याची चांगलीच ओळख होती. जुने इंग्रज शस्त्रवैद्य तिला पोटातला पोलीस म्हणत. कोठे दाह झाला, आतड्याला भोक पडले, की वपा तेथे जाऊन चिकटते आणि बिघाड पसरू देत नाही. तिच्या अंगावर दुधाच्या थेंबांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. रोगप्रतिकारक पेशींची ती ठाणी होत. उदरातील द्रवातून जे काही परके वाहत येईल ते टिपून घेणे हे त्यांचे काम. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी सर्वांत आधी आणि सर्वांत जोमाने रुजतात त्या नेमक्या ह्या वपेवर. चोराने पोलिसाच्याच घरी बिऱ्हाड करावे, त्यातली गत.

जमीन पाहिली, आता बी. येथे ह्या शतकाच्या आरंभी एक मोठी उलथापालथ झाली. अंडाशयाचा कर्करोग अंडाशयात उद्भवतो, हे इतके उघड समजले जात असे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. ज्या स्त्रियांत बीआरसीए-१ किंवा बीआरसीए-२ ह्या जनुकांतील दोष आईकडून वा वडिलांकडून आलेला असतो, त्यांना ह्या रोगाचा धोका फार असतो. म्हणून रोग होण्यापूर्वीच त्यांचे अंडाशय व अंडवाहिन्या काढून टाकण्याची प्रथा पडली आहे. २००१ साली नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा काढलेल्या अंडवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. कर्करोगपूर्व बदल तेथे दिसले. पुढे बोस्टन येथील विकृतिवैज्ञानिकांनी अंडवाहिनीच्या टोकाला जी झालर असते तिचे पातळ काप करून पद्धतशीर तपासणी केली, तेव्हा लहानशा, डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्करोगाच्या जागा त्या झालरीतच वारंवार सापडू लागल्या. ही झालर अंडाशयावर अलगद टेकलेली असते आणि अंडाशयातून सुटणारे अंडे झेलणे हे तिचे काम. ह्या रोगाचा जो सर्वांत अधिक आढळणारा आणि सर्वांत घातक प्रकार आहे, त्याचा उगम पुष्कळशा स्त्रियांत अंडाशयात होत नसून ह्या झालरीत होतो, असे आज मानले जाते. म्हणजे ज्या गाठीवरून रोगाला नाव मिळाले ती गाठ प्रवासाचा आरंभ नव्हे. तो पहिला मुक्काम होय.

ह्या पेशींत पहिला बिघाड कोणता होतो हेही आता ठाऊक आहे. पी-५३ नावाचे एक प्रथिन प्रत्येक पेशीत पहारा करीत असते. पेशीच्या जनुकांत मोडतोड झाली तर ते पेशीचे विभाजन रोखते, आणि मोडतोड दुरुस्तीपलीकडची असेल तर पेशीला मरण पत्करावयास लावते. २०११ साली अमेरिकेतील एका मोठ्या प्रकल्पात ह्या प्रकारच्या ३१६ गाठींतील जनुके वाचली गेली, तेव्हा पी-५३चे जनुक ९६ टक्के गाठींत बिघडलेले आढळले. इतके एकमत कर्करोगांत क्वचितच पाहावयास मिळते. २०१७ साली अमेरिकेतच नऊ रुग्णांच्या अंडवाहिनीतील, अंडाशयातील आणि दूरच्या गाठींतील जनुकदोषांची तुलना करून त्यांची वंशावळ मांडण्यात आली. झालरीतील सूक्ष्म कर्करोगापासून अंडाशयातील गाठीपर्यंत सरासरीने सुमारे सात वर्षे जातात, आणि त्यानंतरचे पसरणे मात्र झपाट्याने होते, असा तिचा निष्कर्ष होता. रुग्ण नऊच होते, हे विसरता येत नाही. तरीही सात वर्षे हा आकडा पुढे येणाऱ्या एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पेशी मूळ जागेपासून सुटते म्हणजे काय होते? निरोगी पेशी शेजारच्या पेशीला कॅडहेरिन नावाच्या प्रथिनांनी धरून असते आणि खालच्या पायाला इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी. इंटेग्रिन हे पेशीच्या आवरणात आरपार बसविलेले असते. त्याचे एक टोक बाहेरच्या जाळ्यात अडकलेले आणि दुसरे आतल्या सांगाड्याला जोडलेले. पाया शाबूत आहे, ही वार्ता तेच अखंड आत पोहोचवीत राहते. वार्ता थांबली की पेशी आपली आपणच मोडून पडते. शरीराचा हा कायदा कडक आहे आणि शहाणपणाचाही आहे. तो नसता तर आतड्याची सुटलेली पेशी घशात आणि त्वचेची पेशी यकृतात उगवली असती. १९९४ साली ह्या मरणाला ‘अनॉइकिस’ असे ग्रीक नाव देण्यात आले. त्याचा अर्थ बेघरपणा.

अंडाशयाच्या कर्करोगाची पेशी ह्या कायद्यातून सुटते ती दोन प्रकारांनी. पहारेकरी पी-५३ आधीच निकामी झालेला असतो, हा एक. दुसरा असा की ती एकटी प्रवास करीत नाही. पोटातील पाण्यात ह्या पेशी दहा-वीस, शंभर-दोनशे अशा पुंजक्यांनी तरंगतात. खालचा पाया गेला तरी शेजारणीचा आधार उरतो. कॅडहेरिनची पकड सुटत नाही, आणि पुंजक्यातील पेशी स्वतःच्या भोवती पायासारखे जाळे विणून घेतात. बेघर झालेल्यांनी रस्त्याच्या कडेला पाल ठोकावे तसे. ह्या पुंजक्यांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामराय भट ह्यांच्या प्रयोगशाळेने केलेले काम २०२१ साली प्रसिद्ध झाले. पुंजके दोन आकारांचे असतात, असे त्यांना आढळले: काही तुतीच्या फळासारखे भरीव व खडबडीत, तर काही गुळगुळीत, आतून पोकळ. पोकळ पुंजक्यांभोवती चौथ्या जातीचे कोलॅजेन व लॅमिनिन ह्या प्रथिनांचे वेष्टन असते. निरोगी अवयवांत पेशींच्या थराखाली जी पायाची चटई असते, ती नेमकी ह्याच द्रव्यांची. एंझाइम घालून ते वेष्टन विरघळविले की पोकळ पुंजका परत तुतीसारखा होतो. आकार असा वेष्टनाच्या हाती असतो.

पुंजक्यात राहिल्याने आणखी एक लाभ होतो, आणि तो रुग्णाच्या दृष्टीने फार महागात पडतो. बाहेरच्या थरातील पेशी वाढत राहतात, आतल्यांना प्राणवायू कमी मिळतो आणि त्या जणू झोपी जातात. कर्करोगावरील पुष्कळशी औषधे विभाजन पावणाऱ्या पेशींवर चालतात. झोपलेली पेशी त्यांच्या तडाख्यातून वाचते आणि उपचार संपल्यावर जागी होते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असेच एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले. रोग पुढे गेलेल्या एका रुग्णाच्या पोटातील पाण्यातून त्यांनी पेशी वेगळ्या काढल्या आणि एकेका पेशीचा वंश स्वतंत्र वाढविला. त्या मिश्र समूहात गाठ उत्पन्न करण्याची शक्ती असलेला वंश एकच निघाला; संवर्धन चालू असता आणखी एका वंशात ती शक्ती आपोआप आली. पाण्यात तरंगणारी प्रत्येक पेशी सारख्याच भीतीची नसते, काहींत मूळपेशींचे गुण असतात, हा विचार ह्या रोगाच्या बाबतीत प्रथम ज्यांनी मांडला त्यांत ह्या पुणेरी प्रयोगाची गणना होते. पेशी शरीराबाहेर काचपात्रात वाढविण्याची विद्या भारतात रुजविली ती कमल रणदिवे ह्यांनी, मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात; पुण्यातील हे काम त्याच विद्येच्या आधाराने उभे आहे.

पुंजका वाहत वाहत पर्युदराशी येतो. फरशीसारखा तो गुळगुळीत थर मुळी काही चिकटू नये म्हणूनच असतो. तेथे पकड मिळते कशी? १९८१ साली बोस्टन येथे रॉबर्ट बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींना ओळखणारे एक प्रतिपिंड तयार केले होते. ते ज्या द्रव्याला ओळखते त्याला सीए-१२५ असे नाव पडले. रक्तातील त्याचे प्रमाण पाहून रोग वाढतो आहे की ओसरतो आहे, हे डॉक्टर आजही ठरवितात. पण वीस वर्षे हे द्रव्य म्हणजे तपासणीच्या कागदावरचा एक आकडा एवढेच होते. ते मुळात काय आहे आणि तेथे काय करते, हे अज्ञात होते. २००१ साली त्याचे जनुक सापडले. ते म्युसिन जातीचे, शर्करेच्या साखळ्यांनी लगडलेले एक अजस्र प्रथिन निघाले. डोळ्याच्या पृष्ठभागावर हेच प्रथिन असते, आणि तेथे ते पृष्ठभाग ओला ठेवते, त्यावर काही चिकटू देत नाही. २००४ साली अमेरिकेत असे दाखविण्यात आले की पर्युदराच्या चपट्या पेशींवर मेसोथेलिन नावाचे जे प्रथिन असते, त्याच्याशी सीए-१२५ची घट्ट गाठ बसते. न चिकटण्यासाठी घडविलेला रेणू येथे डिंकाचे काम करतो! मेसोथेलिन कशासाठी असते हे कोडेही गमतीचे आहे. ते मुळीच नसलेले उंदीर २०००च्या सुमारास तयार करण्यात आले, आणि त्यांचे काहीही बिघडले नाही. एखाद्या जुन्या कचेरीत कोणत्या कामाचा म्हणून सांगता येऊ नये असा शिक्का पडून असावा, आणि लबाडाच्या हाती तोच लागावा, असे काहीसे झाले.

चिकटल्यावर आत जावयाचे असते. पेशी एंझाइम सोडून अस्तर विरघळवीत जाते, असे चित्र पुष्कळ दिवस रंगविले जात होते, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु २०११ साली हार्वर्ड येथे जोन ब्रुगे ह्यांच्या प्रयोगशाळेत पुंजका अस्तरावर टेकल्यापासूनची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली चित्रित करण्यात आली, तेव्हा निराळेच दृश्य दिसले. पुंजक्यातील पेशी अस्तराखालील जाळ्यातील फायब्रोनेक्टिन ह्या प्रथिनाला इंटेग्रिनने पकडतात आणि मायोसिनच्या जोरावर ओढतात. स्नायू आकुंचन पावतो तो ह्याच मायोसिनच्या जातीच्या प्रथिनाने. त्या ओढीसरशी अस्तराच्या पेशी बाजूला सरकतात, मध्ये भगदाड पडते, आणि पुंजका त्यात पसरतो. इंटेग्रिन, टॅलिन किंवा मायोसिन ह्यांपैकी एक काढून घेतले की भगदाड पडत नाही. शिकागो विद्यापीठात अर्न्स्ट लेंग्येल ह्यांच्या गटाने २०१४ साली ह्या चित्रात भर घातली. कर्करोगाच्या पेशीने सोडलेल्या एका संदेशद्रव्यामुळे अस्तराच्या निरोगी पेशी स्वतःच अधिक फायब्रोनेक्टिन विणू लागतात, असे त्यांनी दाखविले. म्हणजे पाहुणा येण्यापूर्वी यजमानाकडूनच गादी घालून घेतली जाते. वाफसा आपोआप येत नाही; तो आणविला जातो.

मग वपेचा मोह कशासाठी? ह्याचे उत्तरही त्याच गटाने २०११ साली दिले, आणि ते सरळ भुकेचे उत्तर आहे. वपेतील चरबीच्या पेशी काही संदेशद्रव्ये सोडतात. त्यांच्या रोखाने कर्करोगाची पेशी तिकडे ओढली जाते. शेजार जमला की चरबीच्या पेशीतील साठा फुटू लागतो. उपवासाच्या दिवसांत शरीराला इंधन मिळावे म्हणून जी तरतूद आहे तीच येथे उपयोगी पडते. सुटलेली मेदाम्ले कर्करोगाच्या पेशीत जातात आणि जळण म्हणून वापरली जातात. ह्या देवघेवीत एफएबीपी-४ नावाचे मेदाम्लवाहक प्रथिन मध्यस्थ असते. ज्या उंदरांत ते नव्हते त्यांच्यात गाठी फार लहान राहिल्या. शस्त्रक्रियेच्या वेळी रोगाने ग्रासलेली वपा हाती येते ती पुष्कळदा मऊ पिवळा पदर म्हणून येत नाही. शस्त्रवैद्य तिला वड्याची उपमा देतात: एक घट्ट, जाड, पांढरी वडी. चरबी संपलेली असते.

ह्या सर्व काळात त्या स्त्रीला काय जाणवत असते? बहुधा फारसे काही नाही, आणि जे जाणवते ते इतके किरकोळ असते की त्याची लाज वाटावी. पोट फुगल्यासारखे वाटते. दोन घास खाल्ले की पोट भरते. लघवीला वरचेवर जावे लागते. लुगडे कमरेला आवळते. घरात ह्याला वायू म्हणतात, अपचन म्हणतात, वय झाले म्हणतात. ओवा आणि हिंग ह्यांवर महिने जातात. ह्या तक्रारींच्या मुळाशी पाणी असते, आणि पाण्याच्या मुळाशी आणखी एक रेणू. १९८३ साली बोस्टन येथे डोनाल्ड सेंगर आणि हॅरोल्ड ड्वोराक ह्यांनी गिनीपिगांच्या गाठींतून व त्यांच्या पोटातील पाण्यातून एक प्रथिन वेगळे काढले. त्याच्या योगाने रक्तवाहिन्या झिरपू लागतात. पुढे तेच प्रथिन नव्या रक्तवाहिन्याही उगवितो असे कळले आणि त्याला व्हीईजीएफ हे नाव रूढ झाले. जखम भरून येण्यास हे प्रथिन लागते. कर्करोगाच्या पेशी ते अमाप सोडतात; पर्युदराच्या वाहिन्या पाझरू लागतात. तिकडे मध्यपटलातील छिद्रे पेशींच्या पुंजक्यांनी तुंबलेली असतात. आवक वाढली आणि निचरा बुजला, मग जलोदर व्हावयाचा राहत नाही. काही चमच्यांच्या जागी कित्येक लिटर पाणी साचते आणि पेशींच्या वाहतुकीला तेच सोयीचे होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रीच्या अशा नव्या तक्रारी दोन-तीन आठवडे रोजच्या रोज टिकून राहिल्या, तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडून पोटाची तपासणी करून घेणे हेच इष्ट.

ह्या जलोदराने शास्त्रज्ञांना एक विलक्षण धडा दिला आहे. पोटात साचणाऱ्या पाण्याने हैराण झालेल्या काही रुग्णांत एके काळी बारीक नळी बसवून ते पाणी मानेच्या शिरेत सोडीत. त्यायोगे कर्करोगाच्या जिवंत पेशी अखंड रक्तात जाणार हे उघड होते. परंतु ज्यांचे दिवस थोडे उरले त्यांना दिलासा मिळावा म्हणून ही जोखीम पत्करली जाई. ऑक्सफर्ड येथे डेव्हिड टॅरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचा अभ्यास करून १९८४ साली तो प्रसिद्ध केला. महिनोन्‌महिने असंख्य पेशी रक्तात जाऊनही, मृत्यूनंतर पाहता, अनेक रुग्णांच्या फुप्फुसांत वा इतर अवयवांत नव्या गाठी वाढलेल्या नव्हत्या. बी पेरले गेले होते, जमीन त्याजोगी नव्हती. पॅजेटच्या दृष्टांताला माणसांत मिळालेला ह्याहून करुण आणि ह्याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

तथापि रक्ताची वाट ह्या रोगाला अगदी वर्ज्य आहे असेही नाही. ह्यूस्टन येथे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन उंदरिणी कातडीने एकमेकींना अशा जोडल्या होत्या की त्यांचे रक्त एक व्हावे. एकीत अंडाशयाचा कर्करोग; दुसरी निरोगी. पोटातील पाणी एकीकडून दुसरीकडे जाण्याची सोयच नव्हती. तरीही दुसरीत गाठ धरली, आणि धरली ती आधी वपेवरच. वपेत न्यूरेग्युलिन नावाचे द्रव्य असते व कर्करोगाच्या पेशीवर त्याचा ग्राही असतो. तो काढून टाकला की हे रुजणे मंदावते. वाट कोणतीही असो, मुक्कामाचे गाव ठरलेले होते.

उपचारांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. दिसणाऱ्या सगळ्या गाठी व वपा काढून टाकणे आणि प्लॅटिनमयुक्त औषधे देणे, ही त्यांची मुख्य अंगे होत. बहुतेक रुग्ण पहिल्या उपचाराने बरे वाटू लागतात, आणि पुढे गेलेल्या रोगात त्यांतील बहुतेकांत रोग काही काळाने परत येतो. मग तो आधीच का पकडू नये? ब्रिटनमध्ये ह्यासाठी प्रचंड चाचणी झाली. २००१ ते २००५ ह्या काळात २,०२,६३८ स्त्रिया तीत घेण्यात आल्या. काहींचे दरवर्षी सीए-१२५ मोजले, काहींची दरवर्षी ध्वनिलहरींनी तपासणी केली, उरलेल्यांना नुसते पाहत राहिले. २०२१ साली अंतिम निकाल लागला. रक्ततपासणीने थोडे अधिक रोगी पहिल्या अवस्थेत सापडले खरे, परंतु मृत्यू कमी झाले नाहीत. झालरीतून सुटलेले पुंजके अंडाशयावरील गाठ सापडण्याजोगी होण्याच्या आधीच पाण्याला लागलेले असतात, हे ध्यानात घेतले तर ह्या निराशेचा अर्थ लागतो. तपासणी होत होती ती पहिल्या मुक्कामाची.

म्हणून काही ठिकाणी आता मुक्काम सोडून उगमाकडे लक्ष वळले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० साली स्त्रीरोगतज्ज्ञांना असे सुचविण्यात आले की, ज्या स्त्रीला मूल नको आहे आणि जिच्या पोटावर गर्भाशय काढण्याची किंवा संततिनियमनाची शस्त्रक्रिया तशीही व्हावयाची आहे, तिच्या संमतीने अंडवाहिन्या पूर्णपणे काढाव्यात आणि अंडाशय जागीच ठेवावे. २०२२ साली त्या प्रांतातील २५,८८९ अशा स्त्रियांची नोंद तपासण्यात आली. रोगाच्या ज्या प्रकाराचे सुमारे पाच रुग्ण त्यांच्यात व्हावेत असा अंदाज होता, त्याचा एकही झालेला नव्हता. पाच ही संख्या लहान आहे, आणि झालरीपासून गाठीपर्यंत सात वर्षे लागत असतील तर एवढ्या अल्प काळाच्या नोंदीवर फार भिस्त ठेवता येत नाही. त्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी अजून त्या वयाला पोहोचावयाच्या आहेत, ज्या वयात हा रोग सहसा दिसू लागतो. त्यांची नोंद तेथे पुढे चालू आहे.